सासऱ्यांचा गंजका स्टोव्ह

…आणि वर मलाच विचारायचे, "जावईबापू, हात का थांबला?" आता दुखल्यावर हात थांबणार नाही तर काय टाळ्या वाजवणार? तुम्हाला सांगतो, स्वतःचं घर, स्वतःची गॅलरी, सुटीचा दिवस, आणि मी मांडीवर फडकं घेऊन स्टोव्हचा एक लोखंडी पाय घासत बसलेलो. दारातच खुर्ची टाकून सासरे. म्हणजे उठून जायचं तरी कुठून? राहता राहिला गॅलरीचा कठडा… तिसरा मजला आहे, तोही विचार करून झाला. आणि माझा गुन्हा काय? मी फक्त "होईल की नीट" म्हणालो होतो.

झालं असं, की सासूबाई गेल्या आणि सासऱ्यांचं बोलणंच आटलं. एकटेच राहायचे. फोन केला तर "जेवलात का बाबा?" "हं." "काय जेवलात?" "जेवण." आता यापुढे माणसाने विचारायचं काय? मग एकदा आम्ही नवराबायको त्यांचा माळा आवरायला गेलो, तर जुन्या गाद्यांमागून एक पत्र्याचा डबा निघाला. गंजून तांबडालाल. झाकण ठोकून ठोकून उघडलं, तर आत घडीचा स्टोव्ह. डोंगरात मुक्कामाला जाताना न्यायचा, तसला. पितळेची टाकी हिरवी पडलेली, पाय गंजलेले, पंप जाम. सासऱ्यांनी तो हातात घेतला आणि म्हणाले, "हिच्याच हाताने पेटायचा. मी पेटवला की नुसता धूर." एवढं लांब वाक्य कित्येक महिन्यांत कुणी ऐकलं नव्हतं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. अशा वेळी माणूस काहीतरी बरं बोलतो की नाही? तुम्हीही बोलला असता. मी म्हणालो, "होईल की नीट."

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात सासरे, एका हातात डबा, खांद्याला कपड्यांची पिशवी. "नीट होईपर्यंत राहतो," म्हणाले, आणि चपला काढल्या.

आता आमचे सासरे म्हणजे कारखान्यात माल तपासायला होते. जन्मभर दुसऱ्याचं काम नापास करायचा पगार घेतला. माणूस निवृत्त होतो हो, नजर कुठे होते? मी पाय घासून द्यायचो, ते चष्मा लावायचे, पाय उजेडाकडे धरायचे, फिरवायचे, नखाने खरवडायचे, आणि शांतपणे म्हणायचे, "पुन्हा." व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून काढला… "पुन्हा." पॉलिश पेपर बदलला… "पुन्हा." घरभर व्हिनेगरचा वास, टॉवेलला वास, माझ्या शर्टांना वास. कचेरीत माझ्या शेजारच्याने खुर्ची खिडकीकडे सरकवून घेतली. मी तरी त्याला काय सांगणार, की बाबा रे, मी फक्त "होईल की नीट" म्हणालो होतो?

मग पंप. त्याचं आतलं वायसर चामड्याचं असतं, ते वाळून बिस्कीट झालेलं. हार्डवेअरच्या दुकानात गेलो, तर दुकानदार म्हणतो, "चामडी वायसर? साहेब, ते मागणारे गेले, विकणारे गेले, तुम्ही कुठून आलात?" मला वाटलं, सुटलो. घरी येऊन चेहरा पाडून सांगितलं, "बाबा, मिळत नाही." सासरे म्हणाले, "मग आपण कापू." आणि माझ्या कमरेकडे बघायला लागले. पट्ट्याकडे हो. "चांगलं कातडं आहे ते, मीच दिलाय तो तुम्हाला." पट्ट्याचा तुकडा वाटीत तेल पीत पडला आणि मी आठवडाभर पँट धरून कचेरीत.

शेवटी स्वयंपाकघरात बायकोला गाठलं. म्हटलं, "अगं, हे कधी संपायचं?" ती भांडी पुसत होती. म्हणाली, "सकाळी बाबा गुणगुणत होते. ऐकलंस का?" मी म्हटलं, "ऐकलं. पण स्टोव्हचं काय?" ती म्हणाली, "घाई करू नकोस." घ्या. म्हणजे पुढून बाप, मागून लेक, आणि मधे मी, हातात पॉलिश पेपर.

पण काम काय, रेटलं की संपतंच. आज सकाळी सगळं जोडलं. सासऱ्यांनी स्पिरिट ओतून बर्नर तापवला, मी पंप मारला. आधी पिवळा भडका, मग धूर… सासऱ्यांचा चेहरा उतरला. मी आणखी दोन पंप मारले, आणि काय सांगू, निळी ज्योत धरली. सूंऽऽ आवाज. सासरे उकिडवे बसून बघत राहिले. नापास करायला शब्दच सापडेना त्यांना. त्यावर चहा केला. त्यांनी तो सावकाश प्यायला, कप विसळून पालथा घातला, आणि आत जाऊन पिशवी भरायला लागले.

आता मी नाचायला हवं होतं की नाही? गॅलरी मोकळी, सुटी मोकळी. मी दारातून बघत होतो. एकेक शर्ट घडी घालत होते, सावकाश. म्हटलं, आता हे जाणार, कुलूप उघडणार, दिवा लावणार, आणि एकटे बसून "जेवण" जेवणार. आणि माझं हे तोंड… याला कुलूप नाही. म्हणालो, "बाबा, जरा थांबा. टाकीच्या सांध्यातून गळतंय वाटतं."

ते वळले. चष्मा लावला. आधी स्टोव्हकडे पाहिलं, मग बराच वेळ माझ्याकडे. जन्मभर माल तपासलेला माणूस. "गळतंय?" "थोडंसं." पिशवी खाली ठेवली. "मग सगळा खोलावा लागेल," म्हणाले. "जेवून जरा पडतो, मग बसू."

आता ते घोरतायत. आणि ते उठायच्या आत मला हा ठणठणीत स्टोव्ह गळका करायचाय. तासभर पाना घेऊन बसलोय, पण तुम्हाला सांगतो, इतका पक्का बसवलाय आम्ही दोघांनी, की मेला बिघडता बिघडत नाही.