कोटांच्या आडचा नवरा

नाही, पण तुम्हीच सांगा, माझे वडील जाऊन एकतीस वर्षं झाली, तिकडे इथिओपियात डेसी गावाच्या टेकडीवर निलगिरीखाली निवांत पहुडलेत, आणि त्यांच्या नावानं इथं कॅनडात, एडमंटनमध्ये कर कापला जातो? ‘श्रीयुत देसालेन, गेल्या वर्षात आपल्या पगारातून इतका इतका कर कापला आहे.’ पार्किंगच्या टपरीत बसतो मी, थंडीनं बोटं माझी वाकडी होतात, आणि चिठ्ठी वडिलांना! ज्या माणसानं हयातीत सरकारला एक कोंबडं दिलं नाही, करवाला येतोय म्हटलं की शेळ्या घेऊन डोंगरात पसार व्हायचा, त्याला मेल्यावर गाठलं बघा यांनी! मी पोरीला म्हटलं, "येशी, त्यांना कळव बाई, माणूस गेला." तर ती हसायला लागली. "बाबा, इथं मागचं नाव हेच माणसाचं नाव. देसालेन म्हणजे तुम्हीच."

आता आमच्यात मागचं नाव म्हणजे बापाचं नाव. ते बायको कशी लावेल? लावलं तर माझी बहीण नाही का होणार ती? म्हणून मी वर्कु देसालेन, बायको एतेनेश हब्तेमरियम आणि पोरगी येशी वर्कु. एका घरात तीन माणसं, तीन आडनावं... आणि शेजारची बाई विचारते, तुमच्याकडे भाडेकरू किती?

असो. तर येशी म्हणाली, "या देशातलं तुमचं पहिलं वर्ष आहे, विवरणपत्र भरायला हवं. दोघांचं वेगवेगळं, पण तुम्ही नवरा-बायको, म्हणून तिच्या कागदावर तुमचं उत्पन्न आणि तुमच्या कागदावर तिचं. ग्रंथालयात आपली माणसं फुकट भरून देतात, शनिवारी जाऊ."

तेव्हा एतेनेश कॉफीचे दाणे भाजत होती. तिचा हात थांबला. "किती जण येणार आहेत बघायला?"

"कोणी येत नाही आई. आपणच जायचं."

"आपण होऊन? आपल्या पायांनी?" एतेनेश माझ्याकडे वळली. "ऐकलंत? इथं बकरी स्वतः खाटकाच्या दारात जाते आणि वर विचारते, सुरी कुठंय?"

तुम्हाला सांगतो, यात तिची चूक नाही. डेसीला माझं शिलाईचं दुकान होतं, एवढंसं. आमच्याकडे छोट्या दुकानदाराच्या वह्या कोण बघतो? तीन माणसं यायची. दुकान बघायची, दुकानदार बघायची, बायकोच्या कानातलं बघायची, आणि अंदाजानं आकडा ठोकायची, ‘हा रोज इतके कमावत असेल!’ की बसला कर. मग माणूस काय करणार? ती वरच्या गल्लीत दिसली की खालच्या गल्लीपर्यंत निरोप जायचा. शेजारचा वाणी साखरेची पोती आत ओढायचा, खाटीक चांगला बोकड कापडाखाली झाकायचा, आणि मी... माझं दुसरं शिलाई मशीन उचलून मागच्या भिंतीवरून उडी. हो, मी! पंचेचाळीस किलोचं मशीन आणि बावन्न किलोचा मी! आणि पुढं दुकानात एतेनेश. कानातलं काढून कणकेच्या डब्यात, अंगावर उसवलेला नेतेला, म्हणजे आमच्या बायकांची पांढरी ओढणी, केस मोकळे, आणि सूर लावलेला. "कसला कर हो बाबांनो? नवरा सोडून गेला! मशीन घेऊन गेला! या पोरीला काय घालू?" येशीला चिमटा, की येशी रडायची. एकदा तर त्या तिघांतल्या एकानं स्वतःच्या खिशातलं काढून तिच्या हातावर ठेवलं होतं. वीस वर्षं! वीस वर्षं दर वर्षी मी तिला एकदा सोडून जायचो आणि संध्याकाळी जेवायला परत यायचो.

तर शनिवार आला. एप्रिल महिना, बाहेर बर्फ, आणि आमचा ईस्टरआधीचा मोठा उपास चालू, दूध नाही, लोणी नाही, महिनाभर नुसतं शिरो, म्हणजे आमचं पिठलं, आणि डाळ, प्रत्येकाचं डोकं आधीच तापलेलं. मी बघतो तर एतेनेशचे कान मोकळे! अंगावर तो जुना नेतेला, दोन ठिकाणी जळलेला. मी म्हटलं, "अगं, थंडीनं मरशील." तर म्हणते, "गप्प बसा, आणि तुम्हीही तो कोट काढा, खिसा फाटलेला घाला." मी काय करणार? घातला. गाडीत येशीनं आरशातून पाहिलं आणि म्हणाली, "आई, आपण कर भरायला चाललोय, भीक मागायला नाही!" एतेनेश म्हणाली, "तू गाडीकडे बघ."

आणि आम्ही काय हो, कर भरायला चाललो होतो!

येशीनं आम्हाला दारात सोडलं आणि गाडी लावायला जागा शोधायला गेली. आता गंमत बघा, मी अख्खा दिवस दुसऱ्यांच्या गाड्या लावून घेतो आणि माझ्या पोरीला पाऊण तास जागा मिळाली नाही! तेवढ्या पाऊण तासात सगळं झालं.

आत मोठी खोली. टेबलाशी रोमान नावाची बाई, बँकेत असते, आपल्याच भागातली, चेहरा असा मऊ की कोणीही फसवावं. दारापाशी कोट अडकवायची लांब दांडी. नाव पुकारलं, "एतेनेश हब्तेमरियम!" मी तिच्याबरोबर निघालो, तर हिनं कोपरानं ढुसणी दिली आणि डोळ्यानं दांडी दाखवली. आणि माझे पाय, शपथेवर सांगतो, माझ्या मनाला न विचारता गेले! वीस वर्षांची सवय. भिंत नव्हती म्हणून कोटांच्या मागे. ओल्या लोकरीचा वास, नाकात कोणाच्या तरी टोपीचे केस, आणि मी उभा. चौसष्टाव्या वर्षी!

रोमान गोड आवाजात, आमच्यात वयस्क बाईला ‘आई’ म्हणतात तसं, विचारते, "एमाये, विवाहित आहात ना?" झालं. एवढं निमित्त पुरलं.

"विवाहित? कुठला नवरा बाई? सोडून गेला!"

"अगं बाई! कधी?"

"मस्करमच्या सणापासून!" मस्करम म्हणजे आमच्या नव्या वर्षाचा महिना, सप्टेंबरातला. हे तिनं आत्ता शोधून काढलं बरं का, डेसीला तारीख कोणी विचारत नसे. म्हणजे या देशात उतरून महिना झाला नाही तोवर मी पळालो! मी कोटांच्या आड मनात म्हटलं, वा एतेनेश, हात अजून बसलेला आहे. चांगलं चाललंय. आता पोरीचं काढेल, मग पोटाला हात लावेल...

पण नाही हो. पोरीचं काढलंच नाही. आवाज खाली आला तिचा. मला तिचा रडायचा सूर पाठ आहे, वर जातो तो खोटा. हा खाली गेला.

"दुकान होतं तेव्हा तो माणूस होता गं. गिऱ्हाइकाशी बोलायचा, माझ्याशी भांडायचा. इथं आल्यापासून गप्प. कामावरून येतो, खिडकीशी बसतो, बर्फ बघतो. मी इंजेरा वाढते, तो खातो, मी विचारते, मीठ बरोबर आहे का, तो मान हलवतो. अख्ख्या दिवसात एक मान! पोरगी कामाला जाते, मग मी भिंतीशी बोलते. भिंत तरी मान हलवत नाही, निदान आशा लागत नाही. गेलाच तो, बाई. बसलेला दिसतो, पण गेला."

रोमान रडत होती. मी बघितलं, दोन कोटांच्या फटीतून. आणि मी... आता काय सांगू. बटण नसलेल्या एका कोटाची बाही हातात धरून उभा होतो. वीस वर्षं मी त्या भिंतीमागून तिचं रडणं ऐकून हसत आलो, आणि इथं एकही शब्द खोटा नव्हता. फक्त तारीख खोटी. आणि ती सुद्धा... आता वाटतं, महिन्याभराचाच फरक असेल.

तोवर रोमाननं नाक पुसलं, ‘विभक्त’ असं लिहिलं, बटण दाबलं आणि कागद सरकारकडे गेला! डोळ्याचं पातं लवायच्या आत! डेसीला वरच्या गल्लीतून खाली यायला निदान अर्धा तास लागायचा हो, माणसाला विचार बदलता यायचा! वर तिनं एतेनेशला एक कागद दिला, एकट्या बायकांना मदत कुठं मिळते त्याचा. आणि हाक मारली, "पुढचे, वर्कु देसालेन!"

मी कोटांतून बाहेर आलो. एक टोपी डोक्यावर तशीच. कोणाची होती देव जाणे.

"बसा गाशे. विवाहित?" गाशे म्हणजे आमच्यात काका.

"हो."

"बायकोचं नाव?"

आता खोटं बोलता येत नाही मला, ते खातं हिच्याकडे. "एतेनेश हब्तेमरियम."

रोमानचं पेन थांबलं. माझ्याकडे बघितलं, शेजारच्या खुर्चीवर डोळे पुसणाऱ्या एतेनेशकडे बघितलं. "पत्ता?" मी सांगितला. तोच. "फोन?" तोच. "गाशे," ती सावकाश म्हणाली, "मस्करमला या बाईला सोडून जे पळून गेले, ते तुम्हीच का?" तिची जीभसुद्धा वळत नव्हती बिचारीची.

"मीच. पण गेलो नाही."

"मग कुठं होता?"

"कोटांच्या मागे."

आणि नेमकी तेव्हा येशी आली, किल्ल्या वाजवत! तिला दोन वाक्यांत समजलं. समजणारच, चिमटे तिनंच खाल्लेले. "आई! तू इथं सुद्धा तेच केलंस?" अख्खी खोली वळली. "अगं, तुम्हाला इथं आणताना मी सरकारला लिहून दिलंय, हे नवरा-बायको आहेत! एका खात्यात नवरा-बायको, दुसऱ्या खात्यात विभक्त, तेही महिन्याभरात! कोणालाही वाटेल, लग्नच खोटं होतं! उद्या पत्र आलं, पुरावा द्या, तर काय देशील? आडनावं तरी एक आहेत का तुमची?"

पुरावा! आमचं लग्न तीन वडीलधाऱ्यांनी लावलं, मेंढा कापला, शेजाऱ्यांनी जेवण केलं. त्यातला शेवटचा म्हातारा कोरड्या सालात गेला. येशीनं आम्हाला इथं आणताना खटपट करून लग्नाचा एक कागद मिळवला होता, तो आता या दुसऱ्या कागदासमोर कितीसा टिकणार? त्रेचाळीस वर्षं बरोबर राहिलेली बाई, आणि एका शनिवारी... आणि आम्ही काय, कर भरायला गेलो होतो!

रोमान भली. म्हणाली, दुरुस्ती पाठवता येते. पण मी आपल्या मनानं पाठवणार नाही, एमायेंनीच सांगायला हवं. आणि खरं ते आधी सांगते, म्हणाली, तुम्ही वेगळे असता तर दर तीन महिन्यांनी जी मदत येते ती दोघांची मिळून जास्त आली असती. एकत्र असाल तर कमी. पण वेगळे नसताना वेगळं लिहिणं म्हणजे फसवणूक.

एतेनेशनं डोळे पुसायचं थांबवलं. "किती कमी?"

"आई!" येशी ओरडली.

"थांब गं. किती?"

रोमाननं हिशेब केला. "तीन महिन्याला नव्वद-एक डॉलर."

आता माझी बायको बाजारात एका कांद्यासाठी तीन दुकानं फिरणारी. तिनं मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. पायापासून. बूट, फाटका खिसा, डोक्यावरची परक्याची टोपी. असं बघितलं जसं बाजारात म्हाताऱ्या खेचराकडे बघतात, दात मोजू की नको. मला वाटलं, काहीतरी बोलावं. काय बोलावं? आठ महिन्यांत सवय गेली होती! घसा खरवडला आणि निघालं ते काय निघालं, "एतेनेश... काल शिरोत मीठ थोडं जास्त होतं."

येशीनं कपाळावर हात मारला. पण एतेनेश... ती हसली हो. तोंडावर नेतेला धरून, खांदे हलवत. मग ताठ बसली आणि रोमानला म्हणाली, "लिही. विवाहित. माझाच आहे. पण नव्वद डॉलर जातायत, तेव्हा त्याला सांग, इथून पुढं बोलावं लागेल. फुकट गप्प बसायचे दिवस संपले."

रोमान म्हणाली, तसा रकाना नाही. एतेनेश म्हणाली, "मग कडेला लिही."

तिनं लिहिलं नाही. पण मी ऐकलं होतं ना. त्या दिवसापासून बोलतोय. आधी जड गेलं, शब्द शोधावे लागायचे. मग आज टपरीत कोण आलं, कोणी तिकीट हरवलं, कोणत्या गाडीत कुत्रं होतं... जेवताना बोलतो, कॉफी आमच्यात तीनदा ओततात, त्या तिन्ही कपांना बोलतो, जिन्यात बोलतो. मी थांबलो की ती नुसतं म्हणते, "नव्वद." की मी पुन्हा सुरू. दुरुस्तीचं उत्तर आलं, सगळं ठीक, विवाहित. येशी निवांत झाली. आता तर बोलणं माझ्या हातात राहिलेलं नाही, बघताय ना तुम्ही! मी खिडकीशी बसून पावसाबद्दल बोलतो, पाऊस नसताना.

काल बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, एतेनेश समोर नाही. आतल्या खोलीत फोनवर होती, हळू आवाजात. "रोमान, पोरी, एक विचारायचं होतं... नव्वद सोड, मी एकशे वीसपर्यंत जायला तयार आहे. संध्याकाळचा एक तास गप्प बसणारा नवरा मिळतो का गं तुमच्याकडे?"