वहीतले बेचाळीस

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपले कार्यकारी अभियंता, म्हणजे आपल्या सगळ्यांचे मोठे साहेब. व्यासपीठावर बसलेले उपअभियंता साहेब. पहिल्या रांगेत बसलेल्या, सत्कारमूर्तींच्या पत्नी, आमच्या काकू. धरणावरचे, कालव्यावरचे आणि कार्यालयातले सहकारी. आणि वसाहतीतून, खालच्या वस्तीतून मुलाबाळांसह आलेले शेजारी, सर्वांना माझा नमस्कार.

सत्कारमूर्तींची खुर्ची रिकामी आहे हे तुम्ही मघापासून पाहताय. सूत्रसंचालकांनी दोनदा सांगितलं की ते वाटेत आहेत. ते वाटेत नाहीत. ते कुठे आहेत ते मला माहीत आहे, आणि ते सांगायचं म्हणूनच मी यादीतला माझा नंबर वर घ्यायला लावला. सभागृहाची तिन्ही दारं मीच उघडी ठेवायला सांगितली आहेत. मला दहा मिनिटं द्या, त्याहून जास्त मी घेणार नाही.

तुम्ही सगळे त्यांना नास्तिकबुवा म्हणता. तोंडावरही म्हणता, आणि ते हसून ओ देतात. मी नोकरीला लागले तेव्हा मला हे नाव ऐकून जरा धास्तीच वाटली होती. मी देवाधर्माची बाई. पहिल्याच आठवड्यात डबा खाताना कोणीतरी त्यांना विचारलं, "बुवा, देव नाही म्हणता, मग तुम्हाला चोरी करण्यापासून अडवतं कोण?" बुवा म्हणाले, "तुम्हाला फक्त तेवढंच अडवतंय का? मग मी जरा सरकून बसतो." आणि खरंच डबा घेऊन दोन हात लांब सरकले.

एकतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. आपलं धरण मातीचं. मातीच्या धरणातून थोडं पाणी झिरपतंच. ते पायथ्याच्या नालीत जमा होतं. नालीत आडवा पत्रा बसवलाय, पत्र्याला मध्ये खाच आहे, आणि त्या खाचेतून पाणी किती उंचीनं वाहतंय ते पट्टीवर मिलिमीटरमध्ये वाचायचं. मग काचेच्या बाटलीत ते पाणी भरायचं आणि मागे काळी रेघ मारलेला पांढरा कागद धरायचा. रेघ स्वच्छ दिसली तर नुसतं पाणी येतंय. पुसट दिसली तर पाण्याबरोबर धरणाची माती येतेय. याचा अर्थ काय, हे इथे बसलेल्या प्रत्येक अभियंत्याला ठाऊक आहे. इतरांसाठी सांगते. धरण आतून पोखरलं जातंय.

बुवांची एक पद्धत होती. आकडा दोघांनी वाचायचा, वेगवेगळ्या वेळी जाऊन, आपापल्या चिठ्ठीवर, आणि कालचा आकडा न बघता. टेबलावर येईपर्यंत एकमेकांशी बोलायचं नाही. दोन्ही चिठ्ठ्या जुळल्या की मगच आकडा नोंदवहीत चढवायचा. मी एकदा वैतागून म्हटलं, "बुवा, माझ्यावर विश्वास नाही का?" ते म्हणाले, "तुमच्यावर आहे ताई. माझ्यावर नाही. कालचा आकडा डोळ्यांत असला की आज मला तोच दिसतो."

सूत्रसंचालकांनी चिठ्ठी दिली आहे, 'आवरतं घ्या.' घेते. त्याआधी त्यांनी मला शिकवलेलं थोडं सांगू द्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

जेवणाच्या सुट्टीत ते वाचलेलं सांगत. माणसाची दयामाया आकाशातून पडली नाही, म्हणत. भांडणात हरलेल्या चिंपांझीला दुसरा येऊन मिठी मारतो. उंदीर नळीत कोंडलेल्या सोबत्यासाठी दार उघडायला शिकतो. कळपात राहणाऱ्या जिवांना एकमेकांना जपणं भाग होतं, ज्यांनी जपलं ते टिकले, आणि तेच आपल्या रक्तात उतरलं. मला हे ऐकायला आवडायचं. मी म्हटलं, मग काळजीच नको, चांगुलपणा जन्मजातच आहे.

"अर्धा आहे," बुवा म्हणाले. "तो उंदीर कोणाला सोडवतो? ज्या जातीच्या उंदरांत वाढला, त्यांना. अनोळखी जातीचा उंदीर आत ओरडत असला तरी बहुतेकदा फिरकत नाही. आपलं काळीजही तसंच आहे ताई. समोरच्याचा चेहरा दिसला की पाघळतं. पाच किलोमीटर खाली राहणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. तिथे काळीज पोचत नाही, तिथे डोकं चालवावं लागतं. धरणाच्या वर जन्माला येणार की खाली, हे माहीत नसताना नियम करा, असा विचार करायचा. मग आकडा कसा वाचायचा ते आपोआप कळतं."

मी मान डोलावली होती. मान डोलवायला काय लागतं?

चार महिन्यांपूर्वी बुवांच्या कमरेच्या सांध्याचं ऑपरेशन झालं आणि ते दोन महिने रजेवर गेले. काकू, तुम्हाला आठवत असेल, दवाखान्यातूनसुद्धा त्यांनी मला फोन करून सांगितलं होतं की दुसरा माणूस सोबत घ्या. मी घेतला नाही. आकडा वर्षानुवर्षं बेचाळीस-त्रेचाळीस. कशाला कोणाला त्रास द्यायचा?

तिसऱ्या आठवड्यात पट्टीवर सत्तेचाळीस दिसले. धरणातली पातळी तर होती तेवढीच होती. मी पुन्हा वाचलं, सत्तेचाळीस. ही गोष्ट त्याच दिवशी साहेबांच्या कानावर घालायला मी कार्यालयात गेले. उपअभियंता साहेब, तुम्ही त्या वेळी टेबलावर डोकं टेकून बसला होतात. वहिनी अंथरुणाला खिळलेल्या. मोठ्या दवाखान्याच्या गावी तुमची बदली व्हायची होती, आणि वार्षिक तपासणीचा अहवाल निर्वेध गेला तरच ती होणार होती. हे सगळ्या कार्यालयाला माहीत होतं. तुम्ही मान वर करून विचारलंत, "ताई, सगळं ठीक ना?" मी म्हटलं, "हो साहेब."

आणि वहीत बेचाळीस लिहिले.

साहेबांनी मला सांगितलं नव्हतं. सुचवलंही नव्हतं. त्यांना आजवर, या क्षणापर्यंत, हे माहीत नाही. साहेब, खाली बसा, तुमच्याकडे बोट दाखवायला मी उभी नाही. मी हे दयेपोटी केलं. रोज सकाळी देवाला हात जोडून वही उघडायचे. मला वाटायचं, तो बघतोय, आणि माझा हेतू चांगला आहे हेही त्याला दिसतंय. देवाला मी दोष देत नाही. मी त्याला माझ्या बाजूचा साक्षीदार करून ठेवलं होतं, एवढंच.

बुवा रजेवरून परत आले, काठी टेकत नालीपाशी गेले आणि त्यांच्या चिठ्ठीवर चोपन्न लिहून आले. माझ्या चिठ्ठीवर त्रेचाळीस. त्यांनी दोन महिन्यांची वही चाळली. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी 'का' असंसुद्धा विचारलं नाही. "कोणासाठी?" एवढंच विचारलं. मी सांगितलं, आणि म्हटलं, हेतू वाईट नव्हता बुवा. ते म्हणाले, "ते मला दिसतंय. पाण्याला हेतू दिसत नाही."

त्यांनी वर अहवाल पाठवला. माझं नाव घातलं नाही. म्हणाले, "वही खोटी आहे हे तुम्ही सांगा, माझ्या तोंडून ती चुगली होईल." मी आज सांगते, उद्या सांगते करत राहिले. वरून उत्तर आलं ते मोठ्या साहेबांनी वाचलंय. मोजणीदाराचं वय, नुकतंच झालेलं ऑपरेशन, नजर. आणि नोंदवहीत तर सलग दोन महिने बेचाळीस-त्रेचाळीस. बुवांना कार्यालयात टेबलाच्या कामाला बसवलं आणि मोजणीचं काम माझ्याकडे दिलं. म्हणजे खऱ्या आकड्याला खोटं पाडायला माझी वही पुरावा झाली. आणि त्यानंतरही मी त्रेचाळीसच लिहीत राहिले, कारण आता खरं लिहायचं तर आधीचं सगळं उघडं पडणार होतं. तेव्हा दया वगैरे काही उरली नव्हती, नुसती भीती होती. मला माझी शरम वाटते.

माईक चालू राहू द्या. दोनच मिनिटं.

आज सकाळी आठ वाजता पट्टीवर सहासष्ट होते आणि बाटलीमागची रेघ पुसट होती. बुवा आणि मी दोघांनी पाहिलं, वेगवेगळं. आम्ही मोठ्या साहेबांकडे गेलो. साहेबांनी वही मागवली. वहीत कालचे त्रेचाळीस. साहेब म्हणाले, "एका दिवसात एवढं कसं वाढेल? पट्टी हलली असेल. कार्यक्रम होऊ द्या, सोमवारी बघू." त्यांच्या जागी दुसरा कोणीही हेच म्हणाला असता. मी तिथेच बोलायला हवं होतं आणि माझी जीभ उचलली नाही.

दुपारी साडेतीनला आम्ही पुन्हा गेलो. पट्टीवर एक्क्याऐंशी होते. बाटलीमागे कागद धरला, रेघ दिसली नाही.

म्हणून खुर्ची रिकामी आहे. बुवा दोन गेटवाल्यांना घेऊन वर गेलेत आणि कालव्याचा दरवाजा उघडतायत, पाणी उतरवायला. लेखी हुकमाशिवाय दरवाजा उघडणं हा गुन्हा आहे. एकतीस वर्षांत त्यांनी केलेला हा पहिला नियमभंग, आणि तो नोकरीच्या शेवटच्या दिवशी. निघताना मी विचारलं, एवढ्यानं भागेल का? ते म्हणाले, "माहीत नाही ताई. जे माहीत नाही ते लोकांना तसंच सांगा."

तेच सांगते. धरण आज फुटेल असं मी म्हणत नाही. फुटणार नाही असं म्हणायला माझ्याकडे आकडा नाही. तुम्ही म्हणाल, मग ही आल्याआल्या ओरडली का नाही? ओरडले असते तर तुमच्यातल्या कोणीतरी वही आणून दाखवली असती. वही खोटी आहे हे माझ्याच तोंडून निघाल्याशिवाय तुम्ही उठला नसता.

आता आभार मानायचे. अध्यक्षांनी मला मध्येच खाली बसवलं नाही, त्यांची मी आभारी आहे. साहेब, वरच्या कार्यालयाला फोन लावा, माझं नाव सांगा, आकडे माझ्याकडून घ्या. सभागृह देणाऱ्यांचे, फुलं आणणाऱ्यांचे आणि मंडपवाल्यांचे आभार. कार्यक्रमानंतर अल्पोपाहार आहे असं पत्रिकेत छापलंय. तो इथे नाही. टेकडीवरच्या विश्रामगृहात मी दुपारीच हलवलाय. सगळ्यांनी तिकडे चालत जायचं आहे. पळू नका. काठीवाले आणि कडेवरच्या मुलांच्या आया आधी निघतील. नदीकाठच्या रस्त्यानं कोणी जाऊ नका, शाळेमागच्या चढानं जा. उपअभियंता साहेब उठलेच आहेत, त्यांना वाट द्या. वहिनी घरी एकट्या आहेत, त्यांना उचलून न्यावं लागेल. चार धडधाकट माणसं त्यांच्याबरोबर जा.

माझ्या बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर ते पदरात घ्या. वहीत जे झालं ते पदरात घेऊ नका. त्याचा जबाब मी चौकशीत देईन.

चला, उठा आता. शाळेपर्यंत जाताना वाटेत खालची वस्ती लागेल. दार बंद दिसलं तर वाजवा. आतून आवाज आला नाही तर शेजाऱ्याला विचारा, कोणी झोपलेलं, आजारी, म्हातारं आत आहे का. ओळखीचं घर असो, नसो, वाजवा.