कोटाचा हुक

चहा घ्या, सांगतो. संस्थान विलीन झालं, पलटण मोडली, तरी आमचे काका जुना फौजी कोट घालूनच फिरत. टोपी बाजारात दोनदा चक्कर येऊन पडले. दुसऱ्यांदा कपाळ फुटलं. काकू म्हणाली, "राज्य गेल्याचा धक्का, दुसरं काय?"

डॉक्टरांनी टाके घातले आणि विचारलं, "पडण्याआधी काय करत होतात?"

"कोणी सुभेदारसाहेब म्हणून हाक मारली, वळून पाहिलं. दोन्ही वेळा तेच."

डॉक्टरांनी कॉलरमध्ये बोट घालून पाहिलं. बोट जाईना. "मान वळली की या कॉलरनं गळ्याची नस दबते. हा कोट सोडा, नाही तर एक दिवस उठणार नाही."

काकांनी गळ्याचा हुक काढला आणि कोट उतरवला तो कायमचा. पुन्हा कधी पडले नाहीत. पण सुभेदारसाहेब म्हणून हाक आली, तर वळूनही पाहत नसत.