बियाण्याचा भोपळा

श्रीगोंद्याच्या एसटी स्टँडवर कर्जतच्या गाडीला वेळ होता. माझ्या मागच्या बाकावर साठीचं एक जोडपं बसलं होतं. नवऱ्याच्या मांडीवर भोपळ्याची एकतारी होती, घरीच केलेली.

"मोबाईलवर बघून बघून घरभर वेळू आन तारा पसरल्या, मी काय बोलले का? पन बियाण्याला टांगलेला भोपळा कापायचा?"

"तसा गोल भोपळा साऱ्या गावात न्हाई, बनू."

"म्हनूनच बियाण्याला ठेवला हुता! माज्या आईचं वाण हुतं ते."

"मी भोपळाच कापला. बी कुठं कापलं?"

"बी कोंबड्यांपुढं वतलं!"

"त्या लई खूश झाल्या."

"आता भावजयीच्या दारात बी मागायचं. गेल्या दिवाळीला म्याच तिला सुनावलंय, आईचं वाण नीट जपत जा म्हनून."

"मग जपलं आसंल की तिनं."

"आन नसंल जपलं तर? वाणच संपलं ना!"

"तुज्या भावाला ही वाजवून दाखवतो. राग जाईल."

"राग त्याला न्हाई, मला आलाय!"

"आवाज बघ कसा घुमतोय. फकस्त मधीच काहीतरी खुळखुळतंय."

"काय खुळखुळतंय?"

"आत बारीक काहीतरी राहिलंय."

"हलवा बरं."

"ऐकलंस? खडा आसंल."

"भोपळ्यात खडा कुठनं येईल? द्या इकडं."

"वाजवून बघतीस?"

"न्हाई. फोडून बघते."

कर्जतची गाडी लागली. एकतारी न सोडता दोघं एकदमच चढले. दांडी त्याच्या हातात होती, भोपळा तिच्या.