लेखासाठी आलेले साहेब

हिवाळ्यात आमच्या पाटोद्याकडच्या गावात एक साहेब आलते. गावावर लेख लिहायचा होता म्हणे. बघतात तर घरोघर कुलपं. माझी चुलती तेवढी दारात ऊन खात बसलेली.

"मावशी, माणसं कुठं आहेत?"

"ऊसतोडीला. दिवाळीनंतर गाव इथं नसतंय."

"मी दिवसभर एसटीत बसून आलोय हो."

चुलतीला वाईट वाटलं. "तुमी कुठले?"

"सांगलीकडचा. घरचा ऊस आहे आमचा."

"तोडायला मुकादम कोण हाय?"

साहेबांनी नाव सांगताच चुलतीनं पदर सावरला. ते माझ्या चुलत्याचं नाव.

"मग इथवर कावून आलात? आमचं गाव तुमच्याच उसात हाय. आता जातालच, तर तेवढं लोणचं न्या गावाला."