सेम्पिजाची एक ओळ

एक ओळ हो, एक! तीन महिने रक्त आटवलं मी, आणि कौतुक कुणाचं? सेम्पिजाचं! कंपालाच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसतो, दिवसभर शेंगदाणे खातो, आणि आता हा हिरो!

तुम्हाला सांगतो, वेबसाइट माझी. नावं भरा, बटण दाबा, समारंभाचा अख्खा कागद तयार... पाहुणे, भेटी, घराण्याच्या पिढ्या, सगळं! चुलतभावाची क्वांजुला होती, मुलीच्या घरी मागणी घालायला गेलो, पार खेड्यात. आमचे काका सगळ्यांसमोर मोबाइलवर वाचतायत, 'मुलगा अमक्याचा, नातू तमक्याचा...' आणि नेट गेलं! कागद ब्राउजरमध्ये नुसता उघडला होता, फोनमध्ये उतरलाच नव्हता. काकांनी बोट फिरवलं, पान कोरं! तिकडची एक म्हातारी म्हणते कशी, 'अगंबाई, आजोबांपाशीच संपलं घराणं? त्याआधीचे काय आभाळातून पडले?' परत पाठवलं हो आम्हाला! 'पुढच्या शनिवारी सगळ्या पिढ्या घेऊन या, मग मुलीचं बघू!'

आत्या कडाडली, 'मुकीबी, तुझा कागद दिसतो, पण हाती लागत नाही रे मेल्या!' मी कागद बनवणारा कोड तीनदा नव्याने लिहिला... आणि सेम्पिजा, शेंगदाणे चावत, 'अरे, कागद ठीक आहे. ब्राउजरला सांग ना, दाखवत बसू नकोस, उतरवून घे!' सर्व्हरच्या उत्तरात 'अटॅचमेंट' लिहिलं, पुढे फाइलचं नाव, झालं. एक ओळ! जळलो हो मी, खोटं कशाला बोलू?

शनिवारी नेट गेलंच. पण काका थांबतायत कुठले? अकरा पिढ्या सलग! होकार मिळाला, बायकांनी एकच जल्लोष केला... आणि पुढच्या चटईवर कोण? सेम्पिजा! केळीच्या पानातली कोंबडी त्याच्यापुढे, मी मागे गाड्या लावतोय. एका ओळीला कोंबडी, तीन महिन्यांना धूळ!

वर आत्या म्हणते, 'मुकीबी, त्या गुणी पोराला मानपत्र दे हं. तुझ्याच वेबसाइटवर बनव.' बनवलं. बटण दाबताना मनात म्हटलं, देवा, या एका वेळी नुसतं उघडू दे... उतरलं! परत दाबलं, परत उतरलं! पाचदा दाबलं हो...

आता माझ्या फोनमध्ये सेम्पिजाची पाच मानपत्रं आहेत. आणि नेट नसलं तरी उघडतात!