मॉनिटरच्या मागून

अल्का : मोबाइल कानाशी धरून नाही होणार ते. स्पीकरवर टाका आणि बाजूले ठेवा. दोन्ही हात मोकळे पाहिजेत.

गुलाब : ठेवला, खुर्चीवर. येऊन राहिला का आवाज?

अल्का : येऊन राहिला. आता सांगा, खोक्यातून काय काय निघालं?

गुलाब : मॉनिटर हाय. त्याचा एक पाय हाय, वेगळा. दोन वायरी. एक काळी, जाडी, आन् एक निळ्या तोंडाची. मी म्हनतो अल्का, आज राहू दे ना. दुकानवाला बुधवारी मानूस पाठवतो म्हने.

अल्का : तो मागच्या बुधवारी पण पाठवणार होता. अवो, मले आज सुट्टी आहे. सोबतची सिस्टर ड्युटीवर गेली, जाताना तिचा लॅपटॉप देऊन गेली. मस्कतमध्ये असा दिवस रोज नाही मिळत. मले आज घर पाहायचं आहे.

गुलाब : बरं, सांग मंग. मोडलं त तूच जिम्मेदार.

अल्का : काही मोडत नाही. मॉनिटर गादीवर पालथा टाका, काच खाली. पायाले खाच आहे पाहा, ती मॉनिटरच्या मानेत बसवा आणि सरळ दाबा. पेशंटले हात लावतो तसा लावा.

गुलाब : मी कवा पेशंटले हात लावला? नर्सरीत रोपं लावतो मी.

अल्का : तर मंग रोप लावता तसं.

खुशबू : बाबा, कट्ट वाजलं.

अल्का : खुशबू आहे का तिथं?

गुलाब : हो, पायातच हाय. आई विहारात गेली, वर्षावासाचं वाचन चालू हाय ना. हिले म्हनलं जा आजीसंगं, त गेली नाही.

अल्का : खुशबू, बोल ना माझ्याशी.

खुशबू : काय बोलू?

अल्का : काहीपण बोल.

खुशबू : आमी टीव्ही लावून राहिलो.

अल्का : टीव्ही नाही, बाळा. याच्यात आई दिसणार आहे.

खुशबू : कवा?

अल्का : बाबानं लवकर लवकर केलं की लगेच.

गुलाब : मले घाई नको करू. उभा केला टेबलावर. झुलून राहिला थोडा, पन हाय उभा. आता?

अल्का : आता निळी वायर. तोंडात बारीक पिना आहेत, तीन रांगा. मॉनिटरच्या मागे खालच्या अंगाले तसंच निळं छिद्र असेल. एक बाजू रुंद आहे, एक अरुंद. रुंदाले रुंद लावा.

गुलाब : नाही जाऊन राहिलं.

अल्का : उलटं धरलं असेल. जोर नका देऊ, पिन वाकली की गेलं.

गुलाब : हां. गेलं.

अल्का : बाजूचे दोन स्क्रू बोटानं फिरवा. दुसरं टोक सीपीयूच्या मागं. सीपीयू म्हणजे तो उभा डब्बा, प्रफुल्ल भाऊजीनं अर्जुनीहून आणून दिला तो. काळी वायर बोर्डात.

गुलाब : केलं सगळं. बटन दाबलं. उजेड आला अल्का. निळं निळं झालं. पन हे काय, एक डबी इकडून तिकडे फिरून राहिली.

अल्का : काय लिहिलं आहे तिच्यात?

गुलाब : एन, ओ. नो. मंग सिग्नल.

अल्का : डब्बा चालू केला का?

गुलाब : तो बी चालू कराचा राहते?

अल्का : अवो.

गुलाब : हसू नको. मले कोनं सांगितलं? मी म्हनलं मॉनिटरच कंप्युटर राहते. खुशबू, दाब ते गोल बटन. दाबलं तिनं. घरघर करून राहिला.

अल्का : करू द्या. चालू व्हायले वेळ लागते. तोवर एक सांगतो तुमाले. आमच्या दवाखान्याच्या मॅडमनं काल पुन्हा विचारलं. दिवाळीले माझे इथले दोन साल भरतात. आणखी दोन साल थांबतेस का म्हणे. उद्या सांगायचं आहे.

गुलाब : मंग?

अल्का : मंग काय, तुमाले विचारून राहिली.

गुलाब : मी काय सांगू? तुले जमन तसं कर.

अल्का : दरवेळी हेच.

गुलाब : तुही नोकरी हाय. तू शिकली, तू गेली. मी नाही म्हनलं नव्हतं जाताना, आता बी नाही म्हनत.

अल्का : हो. तुमी काहीच म्हणत नाही.

गुलाब : चित्र आलं पडद्यावर. हिरवा डोंगर हाय.

अल्का : प्रफुल्ल भाऊजीनं सांगितलं होतं ना, कोणत्या चिन्हावर दाबायचं ते? माझं नाव लिहिलं असेल खाली.

गुलाब : हाय. ए एल के ए. दाबू?

अल्का : थांबा. कॅमेरा बसवला का वरतून, चिमट्याचा?

गुलाब : तो त्यानंच डब्ब्याले लावून देला होता. मी काढून मॉनिटरच्या डोक्यावर बसवला.

अल्का : मंग दाबा. आणि मोबाइल बंद करा, नाहीतर आवाज घुमते.

गुलाब : दाबलं. अल्का? हॅलो? येऊन राहिला का आवाज?

अल्का : आवाज येते. पण मले नुसतं छत दिसून राहिलं. पांढरं. हे कोणाचं छत आहे?

गुलाब : कोनाचं म्हनजे? आपलंच. स्लॅब टाकला ना उन्हाळ्यात. सांगितलं होतं तुले.

अल्का : सांगितलं होतं. मी डोळ्यासमोर जुनं कवेलूचं छप्परच धरून बसली होती. मॉनिटरची मान खाली करा थोडी. आणखी. बस.

गुलाब : दिसलो?

अल्का : दिसले.

गुलाब : तू बी दिसून राहिली. थोडी तुटून तुटून येतेस, पन दिसतेस. मागं ते हिरवं काय हाय?

अल्का : पडदा आहे खोलीचा. दाढी कवा वाढवली?

गुलाब : वाढवली नाही, केली नाही. खुशबू, इकडे ये. हे पाह्य, कोन हाय?

खुशबू : आई.

अल्का : अगं, मागे सरक. इतकी जवळ आलीस की नाकच दिसून राहिलं तुझं.

खुशबू : आई, तू हालून राहिली.

अल्का : हो, हालते ते. उभी राहा सरळ. केवढी झालीस तू. हा फ्रॉक कोणता?

खुशबू : तू पाठवलेला.

अल्का : तो तर पायापर्यंत यायचा म्हणून मोठा घेतला होता.

खुशबू : आता गुडघ्यावर येते. आई, मी बकरीले सुई देतो. काडीनं. तिले ताप होता.

अल्का : उतरला का?

खुशबू : हो. मी म्हनलं, हाल नको, सिस्टर नाराज होते.

अल्का : असं कोणी शिकवलं तुले?

खुशबू : तूच म्हनाची ना, दवाखान्यात. मले सुई देताना.

गुलाब : पावसाच्या सुरुवातीले ताप आला होता हिले. चार रोज होता. तवापासून सारखी तेच खेळून राहिली.

अल्का : चार रोज? मी तेव्हा फोन केला तर तुमी म्हणाले, झोपली आहे.

गुलाब : झोपलीच होती.

अल्का : काय दिलं होतं डॉक्टरनं?

गुलाब : आता बरी हाय ना ते, समोर उभी हाय. आनखी काय दाखवू तुले?

अल्का : आंगण दाखवा. दारातून दिसते तसं.

गुलाब : कॅमेऱ्याची वायर पुरत नाही तेथपर्यंत.

अल्का : मॉनिटरच फिरवा दाराकडे. कॅमेरा त्याच्यावरच तर आहे.

गुलाब : मंग मले तू नाही दिसनार.

अल्का : थोडा वेळ नाही दिसली तर काय होते? फिरवा.

(गुलाब मॉनिटरचं तोंड दाराकडे करतो. पडदा आणि कॅमेरा आता अंगणाकडे. तो स्वतः मागे उभा. खुशबू पळत अंगणात.)

गुलाब : दिसलं?

अल्का : मुनग्याचं झाड दिसते. ते भिंतीले चिकटून काय आहे?

गुलाब : आवाराची भित. नवी. आंगनात बी अर्ध्यापर्यंत सिमेंट टाकलं. चिखल होत नाही आता.

अल्का : मी सारवायची ती जागा?

गुलाब : तेच. आई म्हने, आता वाकून सारवाचं कोनानं?

अल्का : बरोबर आहे.

गुलाब : तुले नाही आवडलं?

अल्का : आवडलं. चांगलं केलं. मागे भिंतीच्या वरून धान दिसून राहिलं. किती हिरवं आहे. इथं खिडकीतून फक्त गाड्या उभ्या दिसतात, आणि माती. एक मिनिट, ते कोण येऊन राहिलं? आई आहेत का?

गुलाब : विहारातून आली असन.

अल्का : अशा काऊन चालून राहिल्या? कमरेतून वाकल्या.

गुलाब : कंबर धरली तिची. परसात पडली होती. तुले सांगू नको म्हने.

अल्का : खुशबूचा ताप सांगायचा नाही. आईची कंबर सांगायची नाही. मंग रोज फोनवर आपण काय बोलत होतो?

गुलाब : जेवली का, झोपली का. तू बी तेच सांगाची.

अल्का : मी पण काही सगळं सांगितलं नाही.

गुलाब : मले मालूम हाय. आता पाहिलं ना. गळ्याची हाडं वर आली तुही.

अल्का : कॅमेऱ्यात तसं दिसते.

गुलाब : नाही. अल्का, तू फोन कराची ना, तवा मी डोळे मिटून बोलत होतो. मले तू दिसाची. गेली तवाची, गोंदिया ठेसनावरची, भरलेल्या अंगाची. ते लाल स्वेटर. मी तिच्यासंगंच बोलत होतो रोज. आज पडदा लागला त हे दुसरीच बाई निघाली. ओळखली मी, पन घडीभर वेळ लागला.

अल्का : हं.

गुलाब : लाइन तुटली का?

अल्का : नाही.

गुलाब : मंग बोल ना काही.

खुशबू : बाबा, आई रडून राहिली.

गुलाब : काय म्हनते ते? थांब, फिरवतो इकडे.

अल्का : फिरवू नका. तिथंच राहा, मागेच. जे बोलत होते ते पुरं करा अगोदर.

गुलाब : झालं ते.

अल्का : नाही झालं. समोर आले की तुमी पुन्हा म्हणान, तुले जमन तसं कर.

गुलाब : मी काय सांगू तुले? गावात लोक म्हनतात, गुलाबले चांगलं हाय, बायको कमावते. ते बोलतात त मले काही नाही वाटत. पन मी ये म्हनलं असतं आन् तू सगळं सोडून आली असती, मंग एखाद्या रोजी तुलेच वाटलं असतं, यानं रोकलं मले. ते मले नाही सोसलं जात. म्हनून ये म्हनलं नाही.

अल्का : आणि आता?

गुलाब : ते आतली खोली बांधून झाली, तुही. तिथं कोनी झोपत नाही. आई म्हनते, धान ठेवू. मी नाही ठेवू देत. रोज सकाळी झाडतो, खिडकी उघडतो, सांजच्याले लावतो. कोनासाठी लावतो उघडतो, मले बी समजत नाही आता. आनखी दोन साल नाही होत अल्का माझ्यानं. पोरगी वाढून राहिली, आई वाकून राहिली, आन् मी तुले फोनवर सांगतो, सगळं ठीक हाय. तू ये. तुले पुढं काही वाटलं, राग आला, त माझ्यावर काढजो. पन ये.

अल्का : एवढंच म्हणायचं होतं ना.

गुलाब : एवढंच होतं.

अल्का : मॅडमनं पहिल्यांदा विचारलं तेव्हाच मी नाही म्हणणार होती. मंग वाटलं, तिकडून कोणी बोलावलंच नाही तर जायचं कुठं? म्हणून म्हटलं, घर पाहून सांगतो.

गुलाब : बोलावलंच नाही म्हनजे? घर कोनाचं हाय?

अल्का : माहीत आहे. तरी ऐकायचं होतं.

गुलाब : मंग? उद्या काय सांगशील?

अल्का : नाही म्हणून सांगतो. दिवाळीपर्यंतचे दिवस काढतो आणि येतो. गोंदियात एखाद्या दवाखान्यात पाहीन काम. तितकं नाही मिळणार तिथं, हे आताच ऐकून ठेवा.

गुलाब : ऐकलं. आतल्या खोलीचं प्लास्टर बाकी हाय पन.

अल्का : राहू द्या. मी आली की दोघं मिळून करू. खुशबू कुठं गेली?

गुलाब : आजीच्या हातची पिशवी घ्याले गेली. फिरवू का आता?

अल्का : फिरवा.

गुलाब : दिसतेस. डोळे पुस.

अल्का : तुमी पण.

गुलाब : आता हे बंद कसं कराचं सांग. आई थकून आली, मले भात मांडाचा हाय.

अल्का : बंद काऊन करता? ती सिस्टर दोन-तीन घंटे नाही येत. चुलीकडे वळवून ठेवा थोडा.

गुलाब : अन् मी भात करत बसलो त बोलन कोन?

अल्का : बोलू नका. तुमी भात मांडा. माझे कपडे वाळले आहेत, मी घड्या घालत बसतो.